चाक पारखून घ्यावे : अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची रिम, टायर आणि पंक्चरची चिंता

व्यापारी घरातील माणसाला माल पारखण्याची कला मुद्दाम शिकवावी लागत नाही. कापडाचा पोत चिमटीत, धान्याचा दाणा दाताखाली आणि सोन्याचा कस कसोटीवर, हे सारे पेढीवर बसता बसताच अंगी येते. परंतु घरातील मुलगा वा मुलगी मोटारसायकलवरून लडाखला किंवा स्पीतीला जाण्याचा विषय काढते आणि दोन-चार लाख रुपयांची अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल घेण्याचे ठरते, तेव्हा हीच पारखी नजर इंजिनाच्या सीसीवर, रंगावर आणि फार तर पेट्रोलच्या खर्चावर येऊन थांबते. चाकाकडे सहसा कोणी पाहत नाही. शोरूममधील विक्रेत्याने ‘ट्यूबलेस हवे की साधे?’ असे विचारलेच, तर ‘जे चालते ते द्या’ असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो.

वस्तुतः या वाहनाच्या खरेदीत नंतर बदलण्यास सर्वांत अवघड आणि प्रवासात सर्वांत आधी कसोटीला लागणारी गोष्ट चाक हीच होय. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेतली, तर गाडीचेच वजन १९६ किलो. त्यावर चालक, मागे बसणारा सोबती आणि दोन्ही बाजूंच्या पेट्या धरल्या की एकूण भार साडेतीनशे किलोंच्या पुढे जातो. हा सारा भार जमिनीला टेकतो तो केवळ दोन जागी, आणि त्या प्रत्येक जागेचा आकार जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या दोन तळहातांचा विचार खरेदीपूर्वी कसा करावा, हे या लेखात पाहू.

पंक्चर कोठे होते, यावर सारे अवलंबून

शहरात पंक्चर म्हणजे अर्ध्या तासाचा खोळंबा. चौकाचौकांत पंक्चरवाला असतो, गाडी ढकलत नेली की काम झाले. अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल मात्र मुळात अशा ठिकाणी जाण्यासाठीच घेतली जाते, जेथे पंक्चरवाला नाही. मनाली-लेह मार्गावर केलाँगजवळ तांडी येथे पेट्रोल पंप आहे. ‘पुढील पंप ३६५ किलोमीटरवर’ असे सांगणारा तेथील फलक या मार्गाने जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या छायाचित्रांत असतो. त्यापुढे दारचा, सरचू, पांग अशा मोजक्या वस्त्या लागतात. आणि सरचूची उंची समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक आहे. त्या विरळ हवेत दहा पावले भरभर चालले तरी दम लागतो. तेथे जड चाक खोलून टायर उपसण्याचे श्रम किती होतील, याची कल्पना सपाटीवर बसून येत नाही.

आपल्याकडेही परिस्थिती फार वेगळी नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील कच्च्या वाटांवर बाभळीचे काटे आणि खडीचे धारदार तुकडे असतात. दिवाळीचा हंगाम संपल्यावर कच्छकडे जाणाऱ्यांना तेथील वेड्या बाभळीचे काटे ठाऊक असतील. खावड्याहून धोळावीरेकडे रणातून जाणारा रस्ता सरळ आणि देखणा आहे, पण दोन्ही बाजूंना पांढरे मीठ आणि आकाश याखेरीज काही नसते. म्हणूनच चाक निवडताना स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न असा : ज्या सर्वांत एकाकी जागी मी जाणार आहे, तेथे हे चाक बिघडले तर मला ते माझ्या हातांनी चालते करता येईल काय? पुढील सर्व निवडी या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

आऱ्यांचे चाक आणि अलॉयचे चाक

बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पुठ्ठे आणि धाव असत. मोटारसायकलच्या चाकाचीही रचना मुळात तीच. तुंब्याचे हब झाले आणि पुठ्ठ्यांची रिम. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. बैलगाडीचे ओझे लाकडी आऱ्यावर खांबासारखे उभे राहते, तर मोटारसायकलचे तारेचे आरे ताणावर काम करतात. सर्व आरे सतार जुळवावी तसे ताणलेले असतात आणि खड्ड्याचा धक्का बसला की तो सर्वांमध्ये वाटला जातो. त्यामुळे आऱ्यांचे चाक धक्का सोसताना किंचित लवते, आणि वाकलेच तर बहुधा तुटत नाही. गावातील जुना सायकलवालाही आरे कसून चाकाचा आउट काढू शकतो. आरा तुटला तर एकच बदलता येतो.

अलॉयचे चाक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे एकसंध ओतीव चाक. आपल्या बाजारात त्याला मॅगव्हील असेही म्हणतात. ते डांबरी रस्त्यावर अचूक चालते, त्याचे आरे कसावे लागत नाहीत, धुण्यास सोपे असते आणि त्यात ट्यूबची गरज नसते. महामार्गावरून रोज शंभर-दोनशे किलोमीटर जाणाऱ्यास ते उत्तम. त्याची मर्यादा एवढीच की मोठ्या दगडावर किंवा खोल खड्ड्याच्या काठावर ते जोरात आदळले, तर त्याची कड दबते किंवा त्याला तडा जातो. कड थोडीच दबली असेल तर ती ठोकून सरळ करता येते, पण तडा गेलेले चाक टाकूनच द्यावे लागते. डोंगरात नवे अलॉय मिळवणे म्हणजे मोठ्या शहरातून मागवून वाट पाहत बसणे.

थोडक्यात, आऱ्यांचे चाक बिघडले तरी बहुधा घरी परत आणते. अलॉयचे चाक सहसा बिघडत नाही, पण बिघडले तर वाटेतच थांबवते. गाडीचा मुख्य संचार कोठे होणार, यावरून या दोहोंतील निवड करावी.

२१, १९ आणि १७ : आकड्यांचा अर्थ

पुढील चाकाचा व्यास जितका मोठा, तितके ते दगड-खड्ड्यांवरून सहज चढते. छोट्या चाकाला जो खड्डा वाटतो, तो मोठे चाक नुसता ओलांडून जाते. म्हणून कच्च्या वाटेसाठी बनवलेल्या गाड्यांना पुढे २१ इंचांचे अरुंद चाक असते. हिमालयन ४५० ला पुढे २१ व मागे १७ इंच, तर २०१९ मध्ये आलेल्या हिरो एक्सपल्स २०० ला पुढे २१ व मागे १८ इंचांचे चाक आहे. याची दुसरी बाजू अशी की मोठे चाक वळणावर थोडे आळशी वाटते आणि त्याचा टायर अरुंद असल्याने डांबरी रस्त्यावर पकड थोडी कमी मिळते.

१९ इंचांचे पुढील चाक हा दोहोंमधील समतोल. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस या गाड्यांना पुढे १९ व मागे १७ इंचांची अलॉय चाके आहेत. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचा प्रवास या बाबतीत बोधप्रद आहे. २०२० मध्ये ती १९ व १७ इंचांच्या अलॉयसह आली. २०२५ च्या नव्या आवृत्तीला २१ व १७ इंचांची आऱ्यांची चाके मिळाली, आणि रस्त्यावरच अधिक चालवणाऱ्यांसाठी तिच्या ‘एक्स’ प्रकारात १९ व १७ इंचांचे अलॉय कायम राहिले. एकाच गाडीसाठी कंपनीला दोन उत्तरे ठेवावी लागली, कारण ग्राहकांचे रस्तेच दोन प्रकारचे आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १७ इंचांच्या मागील चाकासाठी रस्त्याचे टायर भरपूर मिळतात. जाड गाठींचे कच्च्या वाटेचे टायर १८ इंचांत अधिक मिळतात. गाडी घेण्यापूर्वीच तिच्या मापाचे टायर आपल्या शहरात कोणकोणत्या कंपन्यांचे उपलब्ध आहेत, याची टायरच्या दोन दुकानांत चौकशी करावी. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ज्या मालाचा पुरवठा एकाच घरातून होतो, त्याचा भाव आणि तारीख दोन्ही त्या घराच्या हाती राहतात.

ट्यूबचा टायर का घाबरवतो

आऱ्यांच्या नेहमीच्या चाकात रिमला जागोजागी छिद्रे असतात आणि त्यांतून आऱ्यांची टोके आत येतात. त्या छिद्रांतून हवा निसटू नये म्हणून आत वेगळी ट्यूब घालावी लागते. ट्यूबमध्ये खिळा शिरला की रबर फाटते आणि हवा आऱ्यांच्या व व्हॉल्व्हच्या छिद्रांतून बाहेर पडते. कधी कधी दोन-चार सेकंदांतच टायर सपाट होतो. मागील चाक असे बसले तर गाडी शेपटी हलवल्यासारखी डोलते. पुढील चाक बसले तर हँडल हातात राहत नाही. घरच्यांना काळजी वाटावी असा खरा धोका येथे आहे. दरी एका बाजूला असताना वेगात पुढील ट्यूब फुटणे, ही नुसती गैरसोय राहत नाही.

ट्यूबलेस टायर रिमच्या कडेला घट्ट चिकटून बसतो आणि हवा थेट टायरमध्येच असते. खिळा शिरला तरी तो बहुतेक वेळा बुचासारखा तेथेच अडकून राहतो आणि हवा हळूहळू कमी होते. गाडी जड वाटू लागते आणि थांबून पाहण्यास वेळ मिळतो. दुरुस्तीही सोपी. चाक न काढता खिळा पकडीने उपसायचा, छिद्र कानसीच्या सुईने साफ करायचे, डिंकट रबराची वात त्यात खोचायची, बाहेरची टोके कापायची आणि हवा भरायची. हात सरावलेला असेल तर पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा चालू होते. मात्र साहित्य हाती तयार असल्याशिवाय खिळा उपसू नये, हा नियम विसरू नये.

असे असताना ट्यूब अजून टिकून का आहे? कारण ट्यूबची दुरुस्ती कोणत्याही खेड्यात होते. शिवाय रिमची कड वाकली तर ट्यूबलेस टायर तेथून हवा सोडतो, तर ट्यूबला रिमच्या कडेशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच अनुभवी प्रवासी ट्यूबलेस चाके असली तरी एक ट्यूब सोबत बाळगतात. टायरची बाजू फाटली किंवा रिम वाकली, तर आत ट्यूब घालून गाडी पुढच्या गावापर्यंत नेता येते. जागा वाचवण्यासाठी अनेकजण केवळ २१ इंचांची पुढील ट्यूब घेतात. प्रसंगी तीच मागील १७ वा १८ इंचांच्या चाकात थोडी दुमडून बसवता येते. हा उपाय तात्पुरता, पण उपयोगी आहे.

तिसरा मार्ग : आरे असूनही ट्यूबलेस

आऱ्यांची लवचीकता आणि ट्यूबलेसची सुरक्षितता एकत्र यावी, या विचारातून बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आपल्या जीएस मालिकेत एक वेगळी रचना आणली. त्यांनी आरे रिमच्या मध्यात न बसवता तिच्या दोन्ही बाहेरील कडांना जोडले. आरे एकमेकांना ओलांडून जातात म्हणून त्यांना क्रॉस-स्पोक म्हणतात. रिमच्या हवेच्या भागात एकही छिद्र उरत नाही, त्यामुळे ट्यूबची गरज संपते. आणि आरा तुटला तर टायर न काढताच बाहेरून बदलता येतो. इतर कंपन्यांनी रिमच्या मध्याला उंच कणा ठेवून किंवा आऱ्यांच्या टोकांना रबरी कडी बसवून हाच हेतू साधला.

भारतात हा पर्याय प्रथम केवळ महागड्या परदेशी गाड्यांत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयन ४५० आली तेव्हा येथे ती ट्यूबच्याच चाकांसह आली. २०२४ मध्ये कंपनीने जादा रकमेत ट्यूबलेस आऱ्यांची चाके उपलब्ध केली. दहा-बारा हजार रुपयांच्या आसपासचा हा फरक खरेदीच्या वेळी टोचतो. पण ज्याला हिमालयात जायचे आहे, त्याने पेट्या, जादा दिवे आणि शोभेचे साहित्य यांच्या आधी हा खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. याच गाडीची चाके बाजारातून आणून नंतर बदलण्याचा विचार असेल, तर एक सावधगिरी हवी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. विम्याचा दावा करण्याची वेळ आलीच, तर अशा बदलावरून वाद उद्भवू शकतो. म्हणून कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेलीच चाके घ्यावीत आणि त्याचे बिल जपून ठेवावे.

रिमच्या आतून चिकटपट्टी लावून साधे आऱ्यांचे चाक ट्यूबलेस करण्याचे संचही मिळतात. काम नीट झाले तर ते चालतात. तथापि टायर टिकून बसावा म्हणून ट्यूबलेस रिमच्या कडेजवळ एक उंचवटा असतो, तो ट्यूबच्या रिमला बहुधा नसतो. हवा कमी झाली की टायर आत घसरण्याची शक्यता राहते. घरातील मुलाच्या दूरच्या प्रवासासाठी हा प्रयोग करू नये.

‘पंक्चर होतच नाही’ असे सांगणाऱ्या वस्तू

बाजारात या नावाखाली चार प्रकार मिळतात. प्रत्येकाचा उपयोग आहे आणि प्रत्येकाला मर्यादा आहे.

पहिला प्रकार जाड ट्यूबचा. नेहमीच्या ट्यूबपेक्षा हिचे रबर बरेच जाड असते. बारीक काट्याला आणि दगडाच्या चिमट्याला ती दाद देत नाही. वजन वाढते, जास्त वेगात गरम होते आणि बसवताना कष्ट पडतात. तरी कच्च्या वाटेवर रमणाऱ्यांसाठी ही चांगली.

दुसरा प्रकार सीलंटचा, म्हणजे व्हॉल्व्हमधून आत सोडायच्या घट्ट द्रवाचा. छिद्र पडताच द्रवातील तंतू तेथे जाऊन अडकतात. ट्यूबलेस टायरमध्ये बारीक खिळ्यासाठी हा चांगला चालतो. ट्यूबमध्ये मात्र रबर लांबट फाटते, तेथे त्याचा पुरता भरवसा नाही; शिवाय आत चिकट द्रव असल्यास पंक्चरवाल्याचे ठिगळ नीट चिकटत नाही. हवेचा दाब दाखवणारा सेन्सर चाकात असेल, तर तो द्रवाने बुजू शकतो.

तिसरा प्रकार स्वतः बुजणाऱ्या टायरचा. यात टायरच्या आतील बाजूस कारखान्यातच चिकट थर दिलेला असतो. खिळा निघाला की तो थर छिद्र भरून काढतो. मुंबईतील सिएटने असे दुचाकी टायर भारतात आणले आहेत. १९२४ मध्ये इटलीतील तुरीन येथे जन्मलेली ही कंपनी १९५८ पासून भारतात आहे. हे टायर शहर व महामार्गासाठी मनापासून शिफारस करावे असे आहेत. पण हे संरक्षण टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यापुरते आणि मर्यादित जाडीच्या खिळ्यापुरते असते. बाजूची भिंत धारदार दगडाने कापली गेली, तर हा थर काही करू शकत नाही. शिवाय आपल्या गाडीच्या मापात तो टायर मिळतो की नाही, हेही पाहावे लागते.

चौथा प्रकार मूसचा. मूस म्हणजे ट्यूबच्या जागी बसणारे भरीव फेसाळ रबराचे कडे. त्यात हवाच नसते, त्यामुळे पंक्चरचा प्रश्न मिटतो. डाकार रॅलीतील स्पर्धक मोटारसायकलवर हेच वापरतात. पण महामार्गावर तासन्‌तास वेगाने चालवले की मूस तापते आणि आतून विरघळू लागते. तिचे आयुष्य थोडे असते आणि बसवणे हे कसबी माणसाचे काम आहे. पुण्याहून लेहपर्यंत दोन हजार किलोमीटरहून अधिक डांबरी अंतर कापणाऱ्यासाठी ती नाही.

या चारही प्रकारांचा हिशेब मांडला की उत्तर एकच येते. पंक्चरची शक्यता कमी करता येते, शून्य करता येत नाही. म्हणून एका वस्तूवर सारा विश्वास टाकण्यापेक्षा योग्य चाक, सुस्थितीतील टायर, योग्य दाब आणि दुरुस्तीचे साहित्य असा चौपदरी बंदोबस्त करावा.

टायर हातात घेऊन पारखताना

टायरच्या बाजूवर त्याचे सारे वृत्त लिहिलेले असते. ते वाचण्याची सवय लावावी.

‘९०/९०-२१’ याचा अर्थ टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम २१ इंचांची. त्यापुढील ‘५४’ किंवा ‘६९’ हा भाराचा निर्देशांक. ५४ म्हणजे २१२ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. त्यानंतरचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘पी’ म्हणजे ताशी १५०, ‘एस’ म्हणजे १८० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर. जोडीदाराला बसवून आणि सामान लादून जाणाऱ्याने मूळ टायरपेक्षा कमी भार-निर्देशांकाचा टायर, तो स्वस्त मिळतो म्हणून, कधीही घेऊ नये.

चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दाखवतो. ‘२३२४’ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. औषधाच्या बाटलीवरील तारीख पाहतो तशी ही पाहावी. दुकानात उन्हात पडून राहिलेला जुना टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. आयएसआय चिन्ह आणि पक्के बिल यांवाचून टायर घेऊ नये. दुचाकीच्या टायरवरील खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो नियमाप्रमाणे बाद होतो. पण डोंगरात जाणाऱ्याने तेथवर वाट पाहू नये, कारण झिजून पातळ झालेल्या रबरात काटा सहज शिरतो. निम्म्याहून अधिक झिजलेला मागील टायर घेऊन लडाखला निघणे म्हणजे संपत आलेल्या शिधासामग्रीवर लांबची यात्रा काढणे होय.

गाठींच्या टायरचा मोहही आवरावा. जाड गाठी छायाचित्रात शोभतात आणि चिखलात उपयोगी पडतात, पण ओल्या डांबरी रस्त्यावर त्यांची पकड कमी असते, आवाज होतो आणि त्या लवकर झिजतात. ज्यांचे दहापैकी आठ दिवस डांबरावर जातात, त्यांनी रस्त्याकडे झुकलेला मिश्र टायर घ्यावा.

हवा : सर्वांत स्वस्त संरक्षण

कमी हवेच्या चाकाने दगडाला धडक दिली की ट्यूब टायर आणि रिमच्या कडेत चिमटली जाते. साप चावल्यासारखी दोन छिद्रे शेजारी शेजारी पडतात. असे कित्येक पंक्चर केवळ दाब तपासण्याच्या आळसामुळे होतात. दाब नेहमी सकाळी, चाक थंड असताना मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला एकट्याचा व दोघांचा असे दोन्ही आकडे पाळावेत. वाळूत वा दगडी वाटेत पकडीसाठी हवा थोडी कमी केली, तर डांबरावर येताच ती पुन्हा भरलीच पाहिजे.

उंचीवर आणखी एक गंमत घडते. आपले मापक आतील आणि बाहेरील दाबांतील फरक दाखवते. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला येथे बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे चंडीगडला भरलेले चाक, तापमान तेच राहिले असते तर, तेथे सुमारे साडेसहा पीएसआय अधिक दाखवील. पण वर थंडी असते, आणि थंडीने आतील हवा आकसते. खाली ३५ अंश आणि वर ५ अंश धरले, तर त्यातील चार-साडेचार पीएसआय तेथेच वजा होतात. म्हणून खिंडीवर मापकाचा आकडा पाहून घाबरत हवा सोडू नये. खाली उतरताच तेच चाक मऊ लागेल.

कोणी काय घ्यावे

ज्यांची गाडी आठवडाभर शहरात आणि सुट्टीत महामार्गावर वा पक्क्या घाटांत फिरणार आहे, त्यांनी १९ व १७ इंचांची अलॉय ट्यूबलेस चाके घ्यावीत. त्यावर रस्त्याकडे झुकलेला टायर घालावा, आणि मापात मिळाला तर स्वतः बुजणारा. ज्यांना वर्षा-दोन वर्षांत लडाख, स्पीती वा ईशान्य भारत गाठायचा आहे, त्यांनी २१ व १७ इंचांची आऱ्यांची ट्यूबलेस चाके पसंत करावीत. खिशाला ताण पडत असेल तर गाडीचा स्वस्त प्रकार घ्यावा, पण चाक हेच घ्यावे. ज्यांचे मन सह्याद्रीच्या कच्च्या वाटांत रमते, वेग कमी आणि दगड अधिक असतात, त्यांना २१ व १८ इंचांची ट्यूबची चाके, जाड ट्यूब आणि ती बदलण्याचा सराव पुरेसा आहे.

सोबत काय द्यावे

प्रवासाला निघणाऱ्या मुलाच्या हाती आपण शिदोरी देतो, औषधे देतो. त्याच पिशवीत पुढील वस्तू असाव्यात : ट्यूबलेसची वात व सुई, पकड, दाब मोजणारे मापक, गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप, एक जादा ट्यूब, टायर उपसण्याच्या दोन-तीन पट्ट्या, गाडीच्या आसाच्या नटाला बसणारा पाना, ठिगळे आणि सोल्युशन. ट्यूब बदलताना टायरच्या आतून हात सावकाश फिरवून रुतलेला काटा शोधून काढावा. तो आत राहिला, तर नवी ट्यूब पुढच्या पाच किलोमीटरमध्येच जाते.

चालत्या गाडीत हवा गेली तर काय करायचे, हेही घरीच ठरलेले असावे. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावे, अ‍ॅक्सलरेटर हळू सोडावा, बसलेल्या चाकाचा ब्रेक दाबू नये. दुसऱ्या चाकाचा ब्रेक अलगद लावत सरळ रेषेत रस्त्याच्या कडेला यावे.

आणि एक रविवार यासाठी राखून ठेवावा. दुकान बंद असते, अंगण मोकळे असते. गाडी उभी करून मागील चाक मुलाकडून वा मुलीकडून उतरवून घ्यावे, टायर उपसून पुन्हा बसवून घ्यावा, एका जुन्या टायरमध्ये खिळा मारून वात खोचून पाहावी. पहिल्यांदा दोन तास लागतील, हात काळे होतील, कदाचित एक ट्यूब पट्टीने फाटेल. ती अंगणात फाटलेली बरी. हे काम ज्याला जमले, त्याला जाण्याची परवानगी मोकळ्या मनाने द्यावी; ज्याला जमले नाही, त्याला पुढच्या रविवारी पुन्हा बसवावे.